फणसाची मूठ

सुज्ञ वाचकहो, पुढील मजकुरात मी एका घडीच्या चाकूची व त्याच्या मुठीची हकिगत निवेदन करणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले असल्यामुळे भाषेत काही उणे आढळल्यास ते पदरात घ्यावे. हकिगतीत मात्र मी काही उणे ठेवणार नाही. या घटनेस आता चोवीस वर्षे झाली. त्या दिवशी मला जो संताप आला तो अद्याप निवालेला नाही. तो प्रथम कोणावर होता आणि अखेरीस कोणावर जाऊन बसला, हे क्रमाने येईलच.

"मेस्त्री, तुमचो चाकू चावता म्हणतत," भाई सामंत म्हणाले.

भाईंच्या कलमबागेतील मांडवात आम्ही उभे होतो. श्रावणाचा महिना. कोवळ्या आंब्याच्या रोपांवर कलमे बांधण्याचे काम जोरात चालले होते. भाई खुर्चीवर बसले होते, शेजारी त्यांचा मुकादम राऊळ, आणि समोरच्या टेबलावर मी घडविलेला एक चाकू मिटलेल्या अवस्थेत पडलेला. टेबलाच्या पलीकडे शालन गावडे ही कलम बांधणारी बाई उभी होती. वय तीसच्या आसपास, नवरा वारलेला, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला. मागे ओळीने बसलेल्या इतर बायांचे हात थांबले होते.

"कोण म्हणता चावता?" मी विचारले.

"ही म्हणता. हिका विचारा."

येथे थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. माझा पिढीजात धंदा सुतारकीचा. परंतु माझे नाव झाले ते मुठींमुळे. पाते लोहाराचे, मूठ माझी. भाईंनी आदल्या वर्षी शहरातून चकचकीत पितळी मुठीचे चाकू आणविले होते. आंब्याचा चीक लागला की पितळ हातात माशासारखे निसटे. त्याआधी एकदा शिंगाच्या मुठी आणल्या होत्या, त्या पावसाळी हवेत वाकल्या आणि पाते आत मिटेनासे झाले. तेव्हा भाई माझ्याकडे आले. मी त्यांस सांगितले की दिवसभर चालणाऱ्या हातास फणसाच्या गाभ्यासारखे लाकूड नाही. हलके असते, घाम पिते, चीक लागला तरी सोडत नाही, आणि पाते ज्या खाचेत मिटते तिच्या कडा घासून गोल केल्या की तळव्यास काही लागत नाही.

आणि माझी मूठ दुकानातल्या मुठीसारखी सर्वांस सारखी नसते. माझे वडील म्हणत, आधी हात, मग लाकूड. गिऱ्हाईक आले की चिकणमातीचा मऊ गोळा करावयाचा, कामाचा आरंभ म्हणून त्यास कुंकवाचे बोट लावावयाचे, आणि म्हणावयाचे, दे हात. माणूस तो गोळा मुठीत आवळतो. वळलेल्या मातीत त्याचा सगळा हात उतरतो. अंगठा कोठे टेकतो, करंगळी किती आखूड, तळवा कोठे भरलेला. तो ठसा उन्हात वाळवून समोर ठेवावयाचा आणि त्याबरहुकूम लाकूड कोरावयाचे. भाईंच्या बागेतील सातही जणांचे ठसे मी असेच घेतले होते. सात हात, सात मुठी. म्हणून चाकू चावतो हे वाक्य माझ्या कानांत तापलेल्या खिळ्यासारखे गेले.

"खय चावता गो?" मी शालनला विचारले.

"मूठ चावता," ती खाली बघून म्हणाली. "माजो जुनो चाकू दिलास तर बरा होयत. तेची मूठ वाटोळी होती."

"म्हणजे मेस्त्रीची मूठ वायट आणि तुझो बांबूचो तुकडो बरो?" राऊळ मुकादम म्हणाला. मागच्या बायांत कोणीतरी हसले. "भाईनू, आधी ही दिसाक दीडशे कलमां बांधी. नवो चाकू दिल्यापासून नव्वदच्या वर जाणा नाय. चाकवाचा निमित्त, दुसरा काय नाय."

त्या श्रावणाअखेर भाई दोघांना बागेत कायम करणार होते. कायम म्हणजे बारमाही काम. नाहीतर कलमांचा हंगाम संपला की पुढच्या आषाढापर्यंत घरी. शालनच्या पदरी म्हातारी सासू आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. हे सर्व मला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही त्या क्षणी मला माझ्या मुठीपलीकडे काही दिसत नव्हते.

"चाकू उघड," भाई तिला म्हणाले.

तिने उजव्या हाताने चाकू घेतला, छातीशी धरून नखाने पाते ओढू लागली. नख दोनदा घसरले.

"दोन म्हयने हातात असलेलो चाकू उघडूक येणा नाय," राऊळ म्हणाला.

"रे थांब. ही काडी घे गो. पाचर काढून दाखय," भाई म्हणाले.

कलमाच्या काडीस खाली दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतात आणि ती रोपाच्या चिरेत बसवितात. काप सरळ पडला तर झाड धरते, वाकडा पडला तर सुकते. शालनने पदरात गुंडाळलेल्याच डाव्या हातात काडी धरली आणि उजव्याने पाते चालविले. असा काप मी शाळकरी पोराचाही पाहिला नव्हता. एका बाजूस जाड, एका बाजूस सोललेला. भाईंनी ती काडी उचलून सगळ्यांस दाखविली. या वेळी हसणारे पुष्कळ होते.

"शालन," मी म्हणालो, "हात दाखय."

तिने चाकू खाली ठेवला आणि उजवा तळवा माझ्यापुढे केला. मी तो वाचला. हात वाचणे हेच तर माझे काम. मुठीने हात दुखविला असेल तर तो लपवू शकत नाही. कोठे लाली, कोठे फोड, कोठे घट्टा, सगळे लिहिलेले असते. त्या तळव्यावर काहीही नव्हते. घट्टासुद्धा नव्हता. आणि मग मी जे बोललो ते एकूण एक अक्षर मला आठवते.

"भाईनू, ह्या हातान चाकू धरलेलोच नाय. फोड नाय, घट्टो नाय. हिना काम केला असता तर दिसला असता. माझ्या मुठीचो दोष नाय."

शालनने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. डावा हात पदराखालीच होता.

"झाला तर," भाई म्हणाले. "मेस्त्रीच म्हणतत तर विषय संपलो. उद्यापासून येव नको."

तिने चाकू मिटून टेबलावर ठेवला आणि मांडवाच्या बाहेर गेली. चपला घालताना ती क्षणभर वाकली, तेव्हाही तिने डावा हात बाहेर काढला नाही. भाईंनी तो चाकू माझ्याकडे सरकविला. "घेवन जावा. नवो माणूस येयत तेका दुसरी मूठ बशया."

मी छाती पुढे काढून घरी आलो. असत्य बोलणाऱ्या बाईने माझ्या वडिलोपार्जित विद्येस बट्टा लावला आणि मी तो धुऊन काढला, असे मला वाटत होते. वाचकहो, मनुष्य न्याय करीत आहे असे त्यास वाटते तेव्हाच त्याने अधिक जपून राहावे.

जेवण झाल्यावर मी पडवीत बसून ती मूठ सोडविण्यास घेतली. पाते मुठीस जोडणारे रिबीट काढण्यापूर्वी सवयीने एकदा उजेडाकडे धरली. फणसाच्या गाभ्याचा एक गुण मी वर सांगितला नाही. ते लाकूड नवे असताना हळदीसारखे पिवळे असते. हाताचा घाम जेथे जेथे मुरतो तेथे ते तपकिरी होत जाते. दोन महिने वापरलेली मूठ पाहिली की हात कोठे होता याचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो.

तो नकाशा चुकलेला होता. अंगठ्यासाठी मी डाव्या अंगास जो उथळ खळगा कोरला होता, त्याच्यात तीन बोटांचे तीन काळपट पट्टे पडले होते. बोटांसाठी उजव्या अंगास ज्या लाटा काढल्या होत्या, तेथे फक्त एकच डाग होता, अंगठ्याएवढा. आणि खळग्याच्या कडेवर, जेथे उजव्या हाताचे काहीही टेकत नाही, एक तांबडा, सुकलेला डाग.

मी मूठ उजव्या हातात धरली. एकही डाग माझ्या बोटांखाली येईना. मग ती डाव्या हातात घेतली. सगळे डाग बोटांखाली येऊन बसले, जसे कोणी नाव लिहून ठेवावे. खळग्याची कड माझ्या तर्जनीच्या मुळाशी रुतली. मी कोपऱ्यातली एक काठी घेऊन तासू लागलो. वीस काप घेईपर्यंत तेथे आग होऊ लागली. ती बाई रोज नव्वद कलमे बांधीत होती.

"सत्यवती," मी बायकोला हाक मारली. "गावड्यांची शालन डावरी आसा काय?"

"आसा तर," ती आतूनच म्हणाली. "ल्हानपणापासून. बायकांका सगळ्यांका ठावक आसा."

"मगे माका कोण सांगूक नाय तो?"

ती हात पुशीत बाहेर आली. "तुमी विचारलास? आणि बागेत कोण सांगतला? भाईंच्या बापाशीपासून त्येंचा एकच म्हणणा, डाव्या हातान देवाचा आणि झाडाचा काम करू नये. डाव्या हातान बांधलेला कलम धरत नाय म्हणतत. ती कोपऱ्यात भितीकडे तोंड करून बसता. मुकादम कलमां मोजता, हात बघणा नाय."

"पण ठसो घेतलंय तेव्हा तिना माका उजवो हात कित्याक दिल्यान?"

सत्यवतीने माझ्याकडे असे पाहिले की मी खाली पाहिले.

"मातयेक कुकू लावलास तुमी," ती म्हणाली. "कुकवार डावो हात कोण ठेयत?"

माझ्या पडवीत फळीवर वाळलेले ठसे मांडून ठेवलेले असत. वडिलांच्या वेळेपासूनचे साठ-सत्तर तरी असतील. मी उठून एकेक पाहिला. सगळे उजवे. इतक्या माणसांत एकही डावरे नव्हते हे शक्य नाही, आणि एकाही माणसाला कोणत्या हाताने काम करतोस असे आम्ही विचारले नव्हते, हे खरे होते. आमचा शकुन, आमचे कुंकू, आमची विद्या. आणि चाकू मात्र दुसऱ्याच्या हातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो चाकू घेऊन बागेत गेलो. माझ्या अंगाची लाही होत होती. भाई मालवणहून आलेल्या दोन गिऱ्हाइकांस कलमे दाखवीत होते. मी थांबावयास हवे होते. मी थांबलो नाही.

"भाईनू, तुमच्या बागेत सगळ्यांत जास्त कलमां खयच्या ओळीची धरतत?"

भाईंनी राऊळकडे पाहिले. "सात नंबराची," राऊळ म्हणाला. "गिऱ्हाईक तीच मागता."

"ही बघा, हीच ओळ," भाई गिऱ्हाइकांस हसून म्हणाले. "मेस्त्रींकाय ठावक आसा."

"सात नंबर कोण बांधी?"

मागून एक बाई हळूच म्हणाली, "शालन."

"ती ओळ डाव्या हातान बांधलेली आसा," मी म्हणालो. "ही बघा मूठ. मी मूठ उजव्या हाताची केलंय आणि ती डाव्यान काम करी. चूक माझी. काल मी खोटी साक्ष दिलंय. शंभरातली नव्वद कलमां ज्या हातान धरली, त्या हाताक तुमी घराक धाडलास. तेका परत बोलवा."

गिऱ्हाइकांपैकी वयस्क गृहस्थाच्या हातात सात नंबरातले एक कलम होते. त्यांनी ते ओळीत परत ठेवले आणि हात धोतराला पुसला.

"आमका दारात लावची आसत ही," ते दुसऱ्याला म्हणाले. "दुसऱ्या ओळीतली बघूया."

"अहो, आत्ता हीच पसंत होती तुमका," मी म्हणालो.

"तेव्हा ठावक नव्हता."

भाईंचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "मेस्त्री," ते हळू आवाजात म्हणाले, "एक वाक्य बोललास आणि माझी सबंध ओळ नासवलास. आता त्या बायेक माझ्याच न्हय, खयच्याच बागेत कोण उभी करूचा नाय. जावा तुमी." आणि राऊळकडे वळून, "सात नंबर उचल. कुंपणाभायर टाक."

मी तरीही ताठ मानेनेच बाहेर पडलो. सत्य बोललो, याचा मला अभिमान वाटत होता. घरी येऊन चिकणमाती भिजविली, ओल्या फडक्यात गोळा बांधला आणि शालनच्या घरी गेलो.

ती घरामागच्या परड्यात केळीच्या बुंध्याशी बसून नारळाच्या झावळ्या विणीत होती. डाव्या तळव्याला हळदीने पिवळे झालेले फडके बांधलेले. मला पाहताच तिने हात मागे घेतला. मग काय वाटले कोण जाणे, पुन्हा पुढे आणून विणू लागली.

"शालन, माका समजला," मी म्हणालो.

"काय समजला काकानू?"

"तू डावरी. माझी मूठ उलटी होती. मी भाईंका सांगान इलंय. सगळ्यांसमोर सांगितलंय."

तिचे हात थांबले. "काय सांगितलास?"

"की सात नंबर तुझ्या डाव्या हातान बांधलेलो. की चूक माझी."

घरातून तिची सासू खोकत होती.

"काकानू," शालन म्हणाली, "काल तुमी माका कामचुकार ठरयलास. ता मी सोसलंय. कामचुकार बायेक दुसऱ्या बागेत निदान तण काढूक घेतत. म्हणान मी उजव्या हातान वाकडी पाचर काढून दाखयलंय. हसतत तर हसान देत. आणि आज जावन तुमी माका डावरी ठरयलास. डाव्या हाताच्या बायेक झाडाक हात लावूक कोण देणा नाय."

"पण खरा ता..."

"खरा माका ठावक नव्हता काय? काल इचारूक नाय तुमी. आज पण इचारूक नाय. माझो हात सगळ्यांनी बघितल्यानी, इचारूक कोण येवक नाय."

वाचकहो, मी आजवर पुष्कळ लोकांवर रागावलो आहे. मुकादमावर, भाईंवर, त्या हात पुसणाऱ्या गृहस्थावर आजही रागावतो. परंतु त्या परड्यात उभा असताना माझा सगळा राग चालत माझ्याकडे आला आणि माझ्यासमोर बसला. त्याला दुसरीकडे जाण्यास जागाच राहिली नव्हती. मी फडक्यातला गोळा तसाच हातात धरून उभा होतो.

"ता काय आसा?" तिने विचारले.

"माती. तुझ्यासाठी नवी मूठ करूची म्हणान हाडलंय. पण आता..." मी थांबलो. मग मी तो प्रश्न विचारला, जो आमच्या घराण्यात कोणी कोणाला विचारला नव्हता. "तुका व्हयी काय?"

तिने झावळ बाजूला ठेवली. "त्येका कुकू लावलास?"

"नाय."

"आता सगळ्यांका कळलाच आसा तर ठेवा हय."

तिने फडके सोडले. तर्जनीच्या मुळाशी कातडी फाटून लाल झाली होती, बरोबर जेथे माझी कड होती तेथे. त्या हाताने तिने तो गोळा घेतला आणि आवळला. दुखले असणार, तिने तोंड वाकडे केले नाही. हात उघडला तेव्हा मातीत ठसा उमटला होता, पसरट, ताकदवान, अंगठा उजव्या अंगास टेकलेला. इतका स्वच्छ ठसा मी त्यापूर्वी घेतला नव्हता.

"भाईनी सात नंबराचा काय केल्यान?" तिने विचारले.

"कुंपणाभायर टाकूक सांगितल्यान."

ती उठली, हात केळीच्या पानाला पुसला आणि पदर कमरेला खोचला. "मगे चला. टाकलेला कोणाचाच नसता. उन्हात सुकायच्या आधी हाडूया."

आम्ही दोघांनी तीन खेपा केल्या. भाई मांडवातून पाहत होते. त्यांनी अडविले नाही. संध्याकाळपर्यंत सात नंबराची ओळ शालनच्या परड्यात केळीच्या सावलीत उभी होती.

पहिली दोन वर्षे तिच्या कलमांस माझ्याखेरीज कोणी हात लावला नाही. त्या दोन वर्षांत ती झावळ्या विणीत राहिली आणि सकाळच्या वेळी माझ्या नव्या चाकूने परड्यात कलमे बांधीत राहिली. पहिले कलम मी नेले आणि माझ्या दारात लावले. तिसऱ्या वर्षी त्यास मोहर आला, तेव्हा वाटेने जाणारे थांबून विचारू लागले, हे कोठले कलम? मी सांगत असे, शालन गावडे हिच्या परड्यातले, तिने डाव्या हाताने बांधलेले. मात्र हे सांगण्यापूर्वी मी तिच्याकडे जाऊन, सांगू का, असे विचारून आलो होतो. ती म्हणाली होती, "सांगा. आता लपवूचा काय रवला?"

माझ्या फळीवर तिचा ठसा सर्वांच्या पुढे आहे. कुंकू मी अजून लावतो, परंतु मातीस न लावता स्वतःच्या कपाळास लावतो. आणि गोळा पुढे करताना, दे हात, असे म्हणत नाही. खयच्या हातान काम करतस, असे विचारतो. ही गोष्ट गावभर झाल्यावर पहिल्याच वर्षी जुने तिघे जण आपापले चाकू घेऊन गुपचूप आले. त्यांतील एक साठ वर्षांचा गृहस्थ होता. त्याचा चाकू माझ्या वडिलांनी केलेला. तो बराच वेळ पडवीत बसून राहिला, चहा प्याला, पावसापाण्याचे बोलला, आणि उठता उठता त्याने डावा हात माझ्यापुढे केला.

एवढी हकिगत आपण धीराने वाचलीत, याबद्दल आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
गुणाजी रामा मेस्त्री